साचा चिकट का राहतो आणि कास्ट म्हणजे फसवणूक का? वाचक विचारतात, ताई सांगते

मागच्या अंकात जीवाश्मांच्या कास्टबद्दल, म्हणजे साच्यात ओतून काढलेल्या हुबेहूब प्रतीबद्दल, दोन ओळी काय लिहिल्या, ठाणे आणि नवी मुंबईतून त्यावरच इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. काही पत्रं लांबलचक होती, थोडी कापलीत, राग नसावा.

प्रश्न : ताई, मी एम.एस्सी. जिऑलॉजी करतेय आणि सध्या एका लॅबमध्ये पॅलिऑन्टोलॉजीची, म्हणजे जीवाश्मांच्या अभ्यासाची, इंटर्नशिप चालू आहे. वाटलं होतं फील्डवर जाऊ, हाडं काढू, पण आल्यापासून नुसते साचे आणि कास्ट. सरांनी नर्मदेच्या गाळात सापडलेला, बैलाच्या कुळातल्या प्राण्याच्या जबड्याचा तुकडा दिलाय, दोन दाढा शाबूत आहेत. सिलिकॉनचा साचा केला तर कडेकडेने चिकट राहिला, त्यातून डेंटल स्टोनचा, म्हणजे दातांच्या कामाच्या कडक प्लास्टरचा, कास्ट काढला तर दाढांच्या खाचांमध्ये बारीक बारीक गोळे. सर म्हणतात परत कर. घरी आई विचारते, तू तिकडे पीओपीचं काम शिकायला जातेस का? चुकतंय कुठे, आणि यात शिकण्यासारखं खरंच काही आहे का?
– ऐरोलीची इंटर्न

उत्तर : आईला सांग की हो, पीओपीचंच काम शिकतेय आणि ते भल्याभल्यांना जमत नाही.

आधी चिकटपणाचं बघू. साचा कुठे चिकट राहिलाय त्यावरून कारण कळतं, त्यामुळे फेकून द्यायच्या आधी नीट न्याहाळ. मध्येच कुठेतरी ठिपके-ठिपके, पट्टे-पट्टे चिकट असतील तर मिक्सिंग कच्चं राहिलंय, कपाच्या तळाला आणि कडेला कॅटॅलिस्ट, म्हणजे सिलिकॉन घट्ट करणारं रसायन, न लागलेला माल चिकटून बसतो आणि शेवटी आपण कप खरवडून तोच ओततो. म्हणून एका कपात ढवळायचं, मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून परत ढवळायचं आणि दुसऱ्या कपातून ओतायचं, खरवडायचं नाही. आणि माप वजनाने, काट्यावर, अंदाजपंचे थेंब टाकून नाही. पण तू लिहिलंयस कडेकडेने. कडेला काय असतं? जबड्याभोवती उभी केलेली क्लेची भिंत. सिलिकॉन दोन जातींचं येतं, टिनच्या कॅटॅलिस्टवर सेट होणारं आणि प्लॅटिनमच्या. तुमच्या लॅबमधलं सिलिकॉन प्लॅटिनमवालं असेल तर माझा संशय सरळ क्लेवर आहे, कारण बऱ्याचशा मॉडेलिंग क्लेमध्ये गंधक असतं आणि गंधक लागलं की प्लॅटिनम सिलिकॉन तिथे सेटच होत नाही, आठवडाभर ठेवलं तरी नाही. लॅटेक्सच्या ग्लोव्हजनेही तेच होतं, नायट्राइलचे वापर. आधी टिनवाल्या सिलिकॉनला वापरलेले कप-ब्रश प्लॅटिनमला लावायचे नाहीत हेही लक्षात ठेव.

कुठलं आहे कसं ओळखायचं? मोठ्या डब्यात रबर आणि सोबत छोट्या बाटलीत कॅटॅलिस्ट असेल तर बहुधा टिनवालं, मूर्तीवाले-शोपीसवाले सर्रास हेच वापरतात कारण स्वस्त पडतं आणि नखरे कमी. ए आणि बी असे दोन डबे, बऱ्याचदा सारख्या मापाने मिसळायचे, तर ते प्लॅटिनमवालं. टिनवाला साचा जरा आकसतो आणि काही वर्षांत ठिसूळ होतो, प्लॅटिनमवाला माप धरून ठेवतो आणि टिकतो, म्हणून संग्रहासाठीच्या कामाला तोच बरा. डब्यावर वाच, सरांना विचार, आणि गंधक नसलेली क्ले मागव. नवीन क्ले आली की आधी चमचाभर सिलिकॉन तिच्यावर टाकून रात्रभर ठेव, सेट झालं तरच पुढे जा.

आणि हो, मूळ जबड्यावर कुठे चिकट सिलिकॉन उरलंय का ते साच्याच्या आधी बघ. हाडाच्या भोकांत गेलं असेल तर सुईने टोकरत बसू नकोस, जसं आहे तसं सरांना दाखव.

आता ते गोळे. यात एक साधा हिशोब आहे जो कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवा पण सांगत नाही. कास्टवर खड्डा असेल तर हवा प्लास्टरमध्ये अडकली होती, कास्टवर गोळा असेल तर हवा सिलिकॉनमध्ये अडकली होती, म्हणजे साच्यालाच खळगा पडला आणि तो आता प्लास्टरने भरतोय, तू शंभर कास्ट काढलेस तरी तो गोळा शंभर वेळा येणार. बैलाच्या दाढेवर इनॅमलच्या चंद्रकोरी असतात आणि त्यांच्या मधोमध खोल अरुंद खड्डे, सिलिकॉन वरून ओतलं की खड्ड्याच्या तोंडावर झाकण बसतं आणि आतली हवा आतच. त्यामुळे सगळं एकदम ओतायचं नाही. पहिला हात मऊ ब्रशने, पातळ, टोचत-टोचत त्या खड्ड्यांत घालायचा, फोटोवाल्यांचा रबरी ब्लोअर असतो ना त्याने हलकी फुंकर मारायची, बुडबुडे वर येऊन फुटतात. तो थर जरा घट्ट होऊन बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही अशा बेताला आला की पुढचा माल ओतायचा, तोसुद्धा उंचावरून, बारीक धारेने, एकाच कोपऱ्यात, म्हणजे तो आपला आपण पसरत हवेला पुढे ढकलत जातो. व्हॅक्यूम चेंबर असेल तर उत्तमच, नसेल तरी अडत नाही.

पण या सगळ्याच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं, आणि तिथेच इंटर्न लोक घाई करतात. जबडा साच्याचा भार सोसेल का? कुठे चीर आहे, कुठे पोपडा सुटतोय? आधी पॅरालॉइड बी-७२ नावाचं रेझिन अॅसिटोनमध्ये विरघळवून, पातळ, साधारण पाच टक्क्यांचं, भेगांमध्ये सोडायचं, वरून एक हात फिरवायचा. त्याने हाड घट्टही होतं आणि सिलिकॉनचं तेल आत मुरत नाही. हे रेझिन पुढे कधीही अॅसिटोनने परत काढता येतं म्हणून म्युझियमवाले त्याच्यावर विश्वास ठेवतात, त्याच्या जागी फेव्हिक्विक लावून मोकळी होऊ नकोस, पुढची पिढी शिव्या घालेल. आणि या जबड्यातून आयसोटोपच्या रासायनिक तपासणीसाठी वगैरे सॅम्पल घ्यायचं असेल तर ते साच्याच्या आधी घ्यायचं, नंतर नाही, हे सरांना एकदा विचारूनच घे.

मग पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग कुठे सुटणार ती रेघ. जबडा हातात घेऊन हळूहळू फिरव आणि बघ कुठला भाग कुठल्या दिशेने अडकल्याशिवाय निघेल, मग पेन्सिलीने आधी कागदावर काढ, जीवाश्मावर नाही. त्या रेघेपर्यंत क्लेमध्ये बसव, क्लेला गोल खळगे पाड म्हणजे दोन्ही भाग एकमेकांत लॉक होतील, ओतायचं तोंड मोडक्या बाजूला ठेव, दातांच्या बाजूला अजिबात नको. पहिला भाग सेट झाला की पलटी, क्ले काढ, आणि सिलिकॉनच्या उघड्या कडेला व्हॅसलीनचा पातळ हात दे. हा हात राहिला तर नवीन सिलिकॉन जुन्याला असं चिकटतं की दोन भागांचा एकच ठोकळा होतो आणि तुझा जबडा आत.

डेंटल स्टोन ओततेस ते चांगलंय, साध्या पीओपीपेक्षा कितीतरी कडक. टाइप थ्री असेल तर १०० ग्रॅमला साधारण २८ ते ३० मिली पाणी, टाइप फोर असेल तर २२ ते २४. घोळ इडलीच्या पिठाइतका सरसरीत हवा, पातळ केलास तर ओतायला सोपा जातो पण कास्ट भुसभुशीत येतो. पाण्यात पावडर टाकायची, पावडरीत पाणी नाही, आणि पावसाळ्यात पिशवी उघडी टाकायची नाही, दमट हवेत पावडर मरते आणि मग सेट होईना म्हणून सगळे पाण्याच्या नावाने ओरडतात. कास्ट निघाला की व्हर्नियर घे, मूळ दाढेची लांबी-रुंदी आणि कास्टची लांबी-रुंदी दोन्ही वहीत, शेजारी-शेजारी. मूळ नमुन्याचा नंबर कास्टवर घालायचा आणि पुढे स्पष्ट ‘कास्ट’ असं लिहायचं, रंग दिल्यावरही दिसेल असं.

शिकण्यासारखं काय विचारतेस? पार्टिंग लाइन ठरवताना तू तो जबडा जितका फिरवलास तितका वर्गात चित्र काढताना फिरवला असतास का? कुठली कड झिजलीये, कुठली मोडलीये, मोड जुनी की खणताना झालेली, हे साचा करणाऱ्याला पेपर लिहिणाऱ्याच्या आधी कळतं. फील्ड येईल गं, फील्ड कुठे पळून जात नाहीये.

एक काम कर, गणपतीनंतर कधीतरी दिव्याहून रोह्याची गाडी पकड आणि पेणला उतर. तिथल्या मूर्तीच्या कारखान्यांत रबराचा साचा, त्याला बाहेरून धरून ठेवणारं कडक कवच, सोंडेखाली अडकणारा भाग कसा सोडवायचा, हे सगळं रोजच्या रोज चालतं, आणि ज्या कारागिराने आयुष्यभर तेच केलंय तो अंडरकट (साच्यात असा अडकणारा भाग) हा शब्द न उच्चारता तुला दहा मिनिटांत समजावून देईल. गणपतीच्या आधी मात्र जाऊ नकोस, त्यांना मान वर करायला वेळ नसतो.

प्रश्न : नातवाला घेऊन परदेशातलं एक मोठं म्युझियम पाहिलं, डायनासोरपाशी उभे राहून फोटो काढले, नंतर पाटी वाचली तर सगळा सांगाडा प्लास्टरचा! तिकिटाचे पैसे घेऊन नकली माल दाखवायचा ही फसवणूक नाही का?
– नौपाड्यातले एक आजोबा

उत्तर : काका, पाटी लावली होती ना? मग फसवणूक नाही. पाटी नसती तर मी तुमच्या बाजूने भांडले असते.

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमचा ‘डिप्पी’ घ्या. तो डिप्लोडोकस १९०५ साली तिथे उभा राहिला तो प्लास्टरचाच, मूळ हाडं अमेरिकेत पिट्सबर्गला. झालं असं की अमेरिकेतले पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्याकडे इंग्लंडच्या राजाने, सातव्या एडवर्डने, त्या प्राण्याचं चित्र पाहिलं आणि आपल्यालाही हवा म्हणाला, मग कार्नेगींनी अख्खा सांगाडा साच्यातून काढून भेट दिला, आणि पुढे बर्लिन, पॅरिस अशा आणखी शहरांनाही दिले. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेली ‘ल्युसी’, माणसाच्या प्राचीन नातलगांपैकी एक, तिचीही मूळ हाडं आदिस अबाबाला जपून ठेवलीत आणि जगभर लोक बघतात ते बहुतेक कास्टच. एवढी जुनी हाडं तारेवर टांगून रोज हजारो लोकांच्या धक्क्याला ठेवायची म्हणजे कठीणच.

आणि कधी कधी कास्टच उरतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये इक्थिओसॉरचा, म्हणजे समुद्री सरीसृपाचा, शास्त्रज्ञांच्या हाती आलेला पहिला पूर्ण सांगाडा होता, १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात तो गेला. सगळ्यांनी हात टेकले होते, आणि २०२२ मध्ये जाहीर झालं की त्याचे दोन जुने कास्ट एक अमेरिकेत येलला आणि एक बर्लिनला कपाटात पडलेत, कोणाच्या ते लक्षातच नव्हतं. चीनमधल्या ‘पेकिंग मॅन’ या आदिमानवाची हाडंही १९४१ मध्येच युद्धाच्या गडबडीत गायब झाली ती आजतागायत मिळालेली नाहीत, अभ्यास चालतो तो कास्टवर आणि आधी केलेल्या नोंदींवर.

तरी तुमची शंका अगदीच सोडून देण्यासारखी नाही हं. इंग्लंडात १९१२ मध्ये ‘पिल्टडाउन मॅन’ म्हणून एक कवटी गाजली, १९५३ मध्ये ती बनावट निघाली, माणसाची कवटी आणि ओरँगउटानचा जबडा, दात कानशीने घासलेले. इतकी वर्षं पचली याचं एक कारण असं की बाहेरच्या अभ्यासकांना बहुतेक वेळा मूळ वस्तूऐवजी कास्टच हाती मिळायचा, आणि कास्टवर आकार दिसतो पण रंग, वजन, हाडाचा पोत यांतलं काही दिसत नाही. तेव्हा शेवटचा शब्द मूळ हाडाचाच.

खरी हाडं उभी केलेली बघायची असतील तर कोलकात्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बारापासॉरस हा डायनासोर आहे, गोदावरीच्या खोऱ्यातून काढलेला, रवींद्रनाथ टागोरांवरून त्याचं नाव टागोरी. नातवाला तिकडे न्या, आधी फोन करून मात्र जा.

प्रश्न : मुलगा पाचवीत, डायनासोरचं वेड. सुट्टीत घरी जीवाश्म बनवायचाय म्हणतो. सिलिकॉन वगैरे परवडणार नाही. काहीतरी सोपं सांगा, आणि घर घाण होणार नाही असं.
– घणसोलीची आई

उत्तर : घर घाण होणार, त्याची तयारी ठेव, पेपर अंथर.

कोळणीकडून तिसऱ्या आण, कालवण करा आणि शिंपल्या धुऊन वाळवून ठेवा. शाडूच्या मातीची जाड चपटी थापी करायची, शिंपल्याच्या बाहेरच्या बाजूला तेलाचं बोट लावायचं, मातीत दाबायचं आणि सरळ वर उचलायचं. भोवती पुठ्ठ्याची पट्टी, आणि आत पीओपीचा घोळ. साधारण दोन वाट्या पावडर, एक वाटी पाणी. अर्ध्या तासाने माती सोलून काढली की शिंपल्याच्या बारीक रेघांसकट कास्ट. निसर्गातही असंच होतं, शिंपला गाळात दबतो, पुढे विरघळून जातो, पोकळी राहते आणि तिच्यात दुसरी खनिजं भरतात. एक गंमत आणखी कर, दोन्ही शिंपल्या जोडून आत पीओपी भर आणि सुकल्यावर शिंपल्या फोडून काढ, आतल्या पोकळीचा ठोकळा मिळेल. खऱ्या खडकात असे ठोकळे पुष्कळ सापडतात आणि बाहेरच्या रेघा त्यांच्यावर नसतात, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून एकच प्राणी आहे हे मुलाला ओळखू दे.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत. हाताचा ठसा घ्यायचा म्हणून पीओपीच्या घोळात हात बुडवून ठेवायचा नाही, कधीच नाही. पीओपी घट्ट होताना तापतं आणि हात आत अडकतो. इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळकरी मुलीची यातच बोटं गेली. आणि उरलेला घोळ बेसिनमध्ये ओतू नकोस, कपातच घट्ट होऊ दे आणि कचऱ्यात टाक, नाहीतर प्लंबरचे पैसे त्या सिलिकॉनपेक्षा जास्त होतील. पावडर ओतताना दोघांनी मास्क लावा.

प्रश्न : पारसिकच्या डोंगरावर दर रविवारी जातो. एक गोल दगड फोडला तर आत पांढरे चमकदार काटे-काटे निघाले. हा कसला जीवाश्म? कास्ट करून ठेवू का?
– कळव्याचा ट्रेकर

उत्तर : जीवाश्म नाही रे. पारसिक म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थर. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे राहिले, नंतर त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर खनिजं येऊन स्फटिक वाढले, तुझ्या वर्णनावरून झिओलाइट वाटतंय. वितळलेल्या दगडात हाडं-बिडं शोधून उपयोग नाही.

पण दोन उद्रेकांच्या मध्ये जिथे तळी साचली, गाळ बसला, त्या पातळ थरांत जीवाश्म मिळतात, आणि ते आपल्या मुंबईतही मिळालेत. वरळीच्या टेकडीत छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले होते, १८४७ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेननी त्यांना नाव दिलं, आज ते इंडोबॅट्रॅकस म्हणून ओळखले जातात. त्या टेकडीवर आता काय आहे ते तू जाणतोसच. तिकडे चंद्रपूर-गडचिरोलीकडे गेलास तर गोष्ट वेगळी, डोंगरगावला एका सॉरोपॉडचा, म्हणजे लांब मानेच्या डायनासोरचा, बराचसा सांगाडा मिळालाय, इसीसॉरस. तिथे काही दिसलं तर फोटो काढ, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून, लोकेशन टिपून ठेव आणि जिऑलॉजिकल सर्व्हेला कळव, खिशात घालून आणू नकोस.

स्फटिकाचा साचा मात्र करू नकोस. ते काटे सिलिकॉनबरोबर उपटून येतील.

प्रश्न : आता फोनवर थ्रीडी स्कॅन होतं, प्रिंटर आहेत. मग हे साचे-बिचे कशाला?
– वाशीचा इंजिनिअर

उत्तर : जे हाड हात लावला तर भुगा होईल त्याला स्कॅनच, त्यात वादच नाही. सीटी स्कॅन केलं तर आतली मुळं, कवटीच्या पोकळ्या दिसतात, ते साच्याच्या बापाला जमत नाही. पण फोनच्या स्कॅनवर त्या ऐरोलीच्या मुलीच्या दाढेचे अरुंद खड्डे काढून दाखव, कॅमेऱ्याला आतलं दिसतच नाही आणि सॉफ्टवेअर तिथे अंदाजाने गुळगुळीत भरून टाकतं. इनॅमलवरचे सूक्ष्म ओरखडे बघायचे असतील, म्हणजे तो प्राणी गवत खायचा की पाला, तर अजूनही दाताचा सिलिकॉनने बारीक ठसा घेऊन त्याचा पारदर्शक इपॉक्सी कास्ट मायक्रोस्कोपखाली ठेवतात. तुझ्याकडे चांगला रेझिन प्रिंटर असेल तर मला कळव, तुझी आणि तिची गाठ घालून देते, एकच दाढ दोन्ही पद्धतींनी करा आणि मापं मला पाठवा.